हृदय थांबले, पण मूत्रपिंडांचे काय?

आजाऱ्याच्या समाचाराला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत. मग कोणी मोसंब्यांची पिशवी उचलतो, कोणी डझनभर केळी घेतो, तर कोणी कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन शहाळी सोलून आणतो. “घ्या हो, शहाळ्याचे पाणी कोणालाही चालते!” असा आग्रह होतो आणि पेला भरला जातो. निकोप प्रकृतीच्या माणसाच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. परंतु ज्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, त्याच्या पोटात असे पेल्यामागून पेले जाऊ लागले, तर त्याचे धडधडणारे हृदय एकाएकी बंद पडण्याचा प्रसंग ओढवू शकतो.

शहाळे कोठे, मूत्रपिंड कोठे आणि हृदय कोठे! वरवर पाहता यांचा एकमेकांशी काडीचा संबंध दिसत नाही. पण शरीराच्या चाळीत सगळी बिऱ्हाडे एकमेकांना चिकटून असतात आणि एका घरात गळती लागली की तिची ओल दुसऱ्याच्या भिंतीवर उमटते. मूत्रपिंडांचा जुनाट विकार असलेल्या माणसाचे हृदय अवचित का थांबते, आणि थांबल्यावर त्याला परत आणणे कितपत शक्य असते, हे आज जरा निवांतपणे पाहू. ऐन दिवाळीत हा गंभीर विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या रुग्णांना सणासुदीच्या दिवसांत विशेष जपावे लागते. का, ते पुढे येईलच.

प्रारंभीच एक घोटाळा दूर केलेला बरा. ‘हार्ट अटॅक’ आणि ‘कार्डियाक अरेस्ट’ हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणे. त्यात माणसाच्या छातीत कळा येतात, तो घामाघूम होतो, पण बहुधा शुद्धीवर असतो. कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचे रक्त फेकण्याचे कामच बंद पडणे. माणूस क्षणात कोसळतो, हाकेला ओ देत नाही आणि त्याचा नेहमीचा श्वास थांबतो. पहिला बिघाड नळाचा, तर दुसरा साऱ्या पंपाचा. पहिल्यातून दुसरा उद्भवू शकतो; पण मूत्रपिंडांच्या रुग्णात नळ पुरता तुंबलेला नसतानाही पंप थांबू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

दिवसाला १८० लिटरची गाळणी

पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. एकेकाचे वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. पण हृदय दर मिनिटाला जे सुमारे पाच लिटर रक्त बाहेर फेकते, त्यातला एक पंचमांश वाटा ही दोघे घेतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून चोवीस तासांत जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सारा शरीराला परत मिळतो. आपल्या रक्तातला पातळ द्रव असतो तीन लिटरच्या आसपास. म्हणजे तोच द्रव दिवसातून साठ वेळा धुतला जातो! एवढे धुणे कोणत्या परीटघडीच्या दुकानात होत असेल?

पण धुलाई हे त्यांचे एकच काम नव्हे. रक्तातील पाणी, मीठ, आम्ल आणि पोटॅशियम यांचा जमाखर्चही तीच सांभाळतात. जमाखर्चाची ही शक्ती तीन महिन्यांहून अधिक काळ निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली आली, तर डॉक्टर तिला मूत्रपिंडांचा जुनाट विकार म्हणतात. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब ही त्याची दोन ठळक कारणे. हा विकार पुष्कळ काळ काहीच बोलत नाही. ना दुखत, ना खुपत. पायांवर सूज आली, भूक मेली, दम लागू लागला, की मग माणूस जागा होतो. आणि तोवर दुकानाचे बरेचसे भांडवल बुडालेले असते.

नळाच्या पाण्याने शिकवलेला धडा

हृदयाचा आणि रक्तातील क्षारांचा संबंध कसा उलगडला, याची हकीगत मोठी मनोरंजक आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे एक डॉक्टर १८८०नंतरच्या वर्षांत बेडकांच्या हृदयावर प्रयोग करीत असत. शरीराबाहेर काढलेले हृदय मिठाच्या पाण्यात ठेवले, तरी ते चांगले धडधडत राही. रिंगरसाहेबांनी तसे प्रसिद्धही केले. पुढे कळले की, त्यांच्या मदतनिसाने ते द्रावण शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवले होते! शुद्ध पाणी वापरताच हृदयाचे ठोके मंदावत जाऊन थांबू लागले. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते आणि ते नसेल तर हृदयाचा स्नायू आकसतच नाही, हे त्या चुकीतून उमगले. पुढच्या प्रयोगांत पोटॅशियमचाही गुण दिसला. ते थोडे असले तर ठोके व्यवस्थित पडतात. मात्र प्रमाणाबाहेर गेले, तर हृदय सैल पडून स्वस्थ होते.

बेडकाच्या हृदयाला लागू झालेला हा नियम आपल्या हृदयालाही लागू आहे. शरीरातील पोटॅशियमचा जवळजवळ सारा साठा पेशींच्या आत असतो. बाहेर, रक्तात, त्याचे प्रमाण साडेतीन ते पाच एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावे लागते. पेशीच्या आतबाहेरच्या या फरकावरच हृदयाची वीज चालते. जेवणातून आलेले जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे. ती थकली की रक्तातला आकडा चढू लागतो. साडेसहा-सातच्या पुढे हृदयाची वीज मंदावते, ठोके चुकतात आणि मग, कधी कधी कसलीही पूर्वसूचना न देता, सारा कारभार ठप्प होतो. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात चारसहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. एका केळ्यातही चारशेच्या आसपास असते. ही केवढी रक्कम आहे, हे ज्याचा खर्चाचा दरवाजा बंद झाला आहे त्यालाच कळणार!

जुने दुखणे, जाड झालेले हृदय

दोष केवळ पोटॅशियमचा नाही. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ साली मूत्रपिंडविकाराच्या शंभर रुग्णांचा तपशील प्रसिद्ध केला, तेव्हाच त्यांना पुष्कळांचे हृदय वाढलेले आढळले होते. आज त्याची कारणे सांगता येतात. रक्तदाब चढलेला राहिल्याने आणि अंगात पाणी साचल्याने हृदयाची डावी भिंत जाड होते. रक्त कमी झाल्याने त्याला अधिक राबावे लागते. कॅल्शियम-फॉस्फरसचा तोल सुटल्याने रक्तवाहिन्यांच्या भिंती चुनखडीसारख्या कडक बनतात. आणि स्नायूत जागोजाग चिवट धागे वाढून विजेची वाट अडवली जाते. अशा हृदयाला एखादे निमित्त पुरते.

म्हणून हा धोका डायलिसिसची पाळी आल्यावरच सुरू होतो, असे समजू नये. अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांची पाहणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, मूत्रपिंडांची गाळण्याची गती दर दहा अंकांनी उतरली की अकस्मात हृदय बंद पडून मरण येण्याचा धोका सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. उतरणीच्या प्रत्येक पायरीवर थोडा थोडा कर द्यावा लागतो, असे म्हणा ना!

एकाच वर्षातले दोन शोध

१९६० हे साल वैद्यकाच्या इतिहासात मोठे भाग्याचे. त्या वर्षी अमेरिकेच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या.

पश्चिमेला सिएटल शहरात बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची एक लहानशी नळी रुग्णाच्या हातावर कायमची बसवली आणि पुन्हा पुन्हा डायलिसिस करणे शक्य केले. कृत्रिम मूत्रपिंड त्यापूर्वीच आले होते. हॉलंडमधील कांपेन गावी विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मनांच्या अमलाखाली, लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून ते बनवले होते. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागत असल्याने त्याचा उपयोग काही दिवसांपुरताच होई. स्क्रिब्नर यांच्या नळीने ही अडचण गेली. त्यांचा पहिला रुग्ण, एक यंत्र-कारागीर, त्यानंतर अकरा वर्षे जगला. तो अखेर गेला, तो हृदयविकाराने!

पूर्वेला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या त्रयीने, छाती न उघडता, नुसत्या तळहातांच्या दाबाने थांबलेल्या हृदयातून रक्त खेळवता येते, असे जाहीर केले. त्यांतले कौवेनहोवेन हे निवृत्त विद्युत अभियंते होते. कुत्र्याच्या छातीवर विजेच्या जड पट्ट्या दाबताच त्याचा रक्तदाब किंचित वर चढतो, हे निकरबॉकर यांच्या नजरेने टिपले होते. त्यातून हा शोध लागला. त्यांच्या पहिल्या २० रुग्णांपैकी १४ वाचले. पुष्कळ लोकांना वाटले, आता मृत्यूला दाराबाहेर उभे केले! पण त्या वीसांतले बरेच शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देताना थांबलेले, शेजारी डॉक्टर हजर असलेले होते. आज अमेरिकेसारख्या देशातही रुग्णालयात हृदय बंद पडलेल्यांपैकी चारांत एकच जण काय तो घरी जातो. रुग्णालयाबाहेर तर दहांत एखादाच.

मग हे दोन शोध एकाच माणसाच्या वाट्याला आले, म्हणजे डायलिसिसवर असलेल्याचे हृदय बंद पडले, तर? १९९२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा ७४ रुग्णांची तुलना इतर २४७ रुग्णांशी करण्यात आली. रुग्णालयातून घरी गेले डायलिसिसवाल्यांपैकी ८ टक्के, इतरांपैकी १२ टक्के. सहा महिन्यांनी पाहिले, तर जिवंत होते अनुक्रमे ३ आणि ९ टक्के. पुढे काळ सुधारला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेसहा लाखांहून अधिक डायलिसिस-रुग्णांच्या नोंदींवरील अभ्यासात रुग्णालयात छातीदाब दिलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के घरी गेलेले आढळले. हा आकडा आशादायक खरा. पण घरी गेलेल्यांपैकी निम्मे पाच महिन्यांच्या आतच निवर्तले, हेही त्याच कागदावर लिहिलेले आहे.

असे का व्हावे? एक तर हृदय आधीच जीर्ण. दुसरे, रक्ताभिसरण काही मिनिटे थांबले की उरलीसुरली मूत्रपिंडेही मार खातात. मग आम्ल साचते, पाणी साचते, औषधांचे प्रमाण बिघडते. तिसरे, विजेच्या झटक्याने पूर्ववत होणारा बिघाड म्हणजे हृदयाचे वेडेवाकडे थरथरणे. या रुग्णांत हृदय थरथरण्याऐवजी मंद मंद होत निपचित पडण्याचे प्रकारही पुष्कळ असतात आणि निपचित पडलेल्यावर विजेचा झटका चालत नाही. हॉलंडमध्ये डायलिसिसच्या रुग्णांच्या छातीत आपोआप झटका देणारे यंत्र आगाऊ बसवून पाहिले. २०१९ मध्ये निष्कर्ष आला की, त्याने अकस्मात मृत्यू कमी झाले नाहीत. यंत्र चांगले असले, तरी ते प्रत्येक कुलपाची किल्ली नव्हे.

मात्र या अंधारात एक दिवा आहे. पोटॅशियम चढून हृदय थांबले असेल, तर त्याचे कारण काढून टाकता येते. शिरेतून कॅल्शियम, ग्लुकोजसह इन्सुलिन आणि मग डायलिसिस, हे उपाय डॉक्टरांच्या हाताशी असतात. पण त्यासाठी समोरचा माणूस मूत्रपिंडांचा रुग्ण आहे, हे त्यांना त्या क्षणी कळले पाहिजे! ती माहिती नातेवाइकांच्या मुखातून पहिल्या मिनिटाला बाहेर पडली, तर तिचे मोल औषधाइतकेच आहे.

सुट्टी दिवाळीची, पण मूत्रपिंडांची नव्हे

आता दिवाळीकडे वळू. डायलिसिस साधारणतः आठवड्यातून तीनदा, चार-चार तास करतात. तीन पाळ्या सात दिवसांत बसवायच्या, म्हणजे कोठे तरी दोन दिवसांचे अंतर पडतेच. अमेरिकेतील ३२ हजार रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ साली दाखवण्यात आले की, या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण दर शंभर रुग्ण-वर्षांमागे २२.१ असते, तर इतर दिवशी १८. एका जादा दिवसाची ही किंमत! आपल्याकडे तर खर्चापायी आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करणारे पुष्कळ आहेत. त्यांचा खंड मुळातच लांब. त्यात “पाडवा आहे, उद्या बघू; भाऊबीज आहे, परवा जाऊ,” असे झाले म्हणजे तो किती ताणला जातो, ते सांगावयास नकोच. त्यातच ताटात सुके खोबरे, शेंगदाणे आणि काजू घातलेला चिवडा, खजुराचे लाडू, वर सरबताचे पेले!

उलट टोकही धोक्याचे आहे. चढलेले पोटॅशियम यंत्राने फार झपाट्याने उतरवले, तरी हृदय बिथरते. म्हणून “या वेळी दोन दिवसांचे एकदम काढून टाका,” हा हिशेब शरीराला मान्य नाही. केंद्रात आगाऊ विचारून सणाच्या आठवड्याची पाळी पुढेमागे करून घ्यावी. ती चुकवू मात्र नये. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतूनही गरिबांना ही सोय मिळू लागली आहे; तिची चौकशी करावी.

गृहिणीच्या आणि गृहस्थाच्या ध्यानी

घरात असा रुग्ण असेल, तर पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

बटाटा आणि भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे. पोटॅशियम बरेच कमी होते. शहाळे, फळांचे रस, सुका मेवा डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये. मिठाऐवजी मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात पुष्कळदा पोटॅशियमच घातलेले असते. रक्तदाबवाल्या सासऱ्यांसाठी आणलेली ती पुडी मूत्रपिंडवाल्या सासूबाईंच्या आमटीत पडू नये.

अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांतल्या अनेक मूत्रपिंडांना बाधतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम वाढते हे खरे. पण त्या आपण होऊन बंद करू नयेत, रक्त तपासून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

रुग्णाच्या खिशात एक चिठ्ठी असावी. आजार, डायलिसिसचे वार, शेवटची पाळी, चालू औषधे आणि डॉक्टरांचा फोन, एवढे तिच्यावर असले की पुरे. एकाएकी हातापायांत शक्ती न वाटणे, नाडी मंद होणे, छातीत धडधडणे, यांतले काही दिसले, तर सकाळची वाट पाहू नये.

आणि माणूस कोसळलाच, हाक मारून उठेना, नीट श्वास घेईना, तर? एकाने १०८ला फोन करावा. दुसऱ्याने रुग्णाला जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध एक तळहात, त्यावर दुसरा ठेवून, कोपरे न वाकवता, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. दमल्यास दुसऱ्याने घ्यावे. मूत्रपिंडे बिघडलेली आहेत म्हणून हात आखडू नये. गेलेला प्रत्येक मिनिट आशा कमी करतो आणि रुग्णवाहिका कितीही धावली, तरी शेजारच्या खोलीतल्या माणसाइतकी लवकर येत नाही. ही क्रिया अर्ध्या तासात शिकता येते. सोसायटीच्या गणेशोत्सवात, महिला मंडळात, शाळेत तिचे प्रात्यक्षिक ठेवायला काय हरकत आहे?

बोलून ठेवावे असे काही

शेवटी एक नाजूक गोष्ट. वर दिलेले आकडे निराश करण्यासाठी नाहीत, पण ते लपवण्यासाठीही नाहीत. वर्षानुवर्षे डायलिसिस घेतलेला, वयाने थकलेला माणूस कधी मनाशी विचार करीत असतो की, माझे हृदय थांबलेच, तर पुन्हा बरगड्या दाबाव्यात, घशात नळी घालावी, यंत्रावर ठेवावे, असे मला हवे आहे का? कोणाचे उत्तर ‘होय, अखेरपर्यंत झटा’ असे असेल. नातीचे लग्न पाहावयाचे असते, मूत्रपिंड मिळण्याची आशा असते. कोणाचे उत्तर ‘आता पुरे, मला घरी शांतपणे जाऊ द्या’ असे असेल. दोन्ही उत्तरे आदराची आहेत. मात्र ती विचारली गेली पाहिजेत आणि तीही माणूस स्वस्थ, शुद्धीवर असताना.

आपल्याकडे हा विषय काढणे अभद्र मानतात. मुलगा म्हणतो, “आईला कसे विचारू?” आई म्हणते, “मुलाला कशाला दुखवू?” आणि मग मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दारात, डॉक्टर सहीचा कागद पुढे करतात तेव्हा, तिघे भावंडे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उपचारांविषयीचे असे आगाऊ इच्छापत्र करण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत बरीच सोपी केली. कागद करावा की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. पण निदान बोलून ठेवावे. त्या बोलण्याने आयुष्य कमी होत नाही. उलट मागे राहणाऱ्यांच्या उरावरचे एक ओझे हलके होते.

आणि ज्यांच्या घरात हा आजार अजून शिरलेला नाही, त्यांच्यासाठी एवढेच, की चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह वा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. फटाक्यांच्या एका पिशवीहून या तपासणीला जास्त खर्च येत नाही. आणि ज्या घरी डायलिसिस चालू आहे, त्यांनी दिवाळीच्या याद्या करताना वाणसामान, कपडे, रांगोळीचे रंग यांच्याही वर, पहिल्या ओळीत, पुढच्या पाळीचा वार आणि वेळ लिहून ठेवावी.